वेस्टाच्या जादा गिरक्या

८ जानेवारी, मंगळवार
चहाच्या कपाला कान किती मोठा असावा, हा प्रश्न मानवजातीने फार पूर्वी निकालात काढला आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या गावच्या हॉल-कमिटीने तो पुन्हा उकरून काढला आहे. नाताळच्या सुट्टीत कमिटीने नवे कप आणले. त्यांना कान आहे, पण केवळ अलंकार म्हणून. त्यात एक बोट जातं, तेही अर्धंच. आज माझ्या कुत्र्यांच्या नाचाच्या क्लासच्या मधल्या सुट्टीत असला कप उचलला, तर थंडीत दात वाजावेत तशी बशी वाजली आणि चहा डिलिसच्या बॅसेट कुत्र्याच्या डोक्यावर सांडला. कोमट होता. बॅसेटने चाटून घेतला. डिलिस म्हणाली, मास्तर, बाप्तिस्मा द्यायचा तर समोर चर्च आहे की. सगळे हसले. मीही हसलो. पण कमिटीकडे तक्रार करणार. हा निव्वळ कपांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

आता वर्षाचे संकल्प. एक : ऑक्टोबरमधली पात्रता फेरी जिंकून माझ्या वेस्टा कुत्रीला पुढच्या मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या अंतिम फेरीत नाचवणे. दोन : दर मंगळवारी क्लास, एकही रजा नाही. तीन : उन्हाळ्यात येतील तेवढे डेमो घेणे. चार : कोणावरही न चिडणे.

तीस वर्षं मुलांना लॅटिन शिकवलं. त्यापायी एकही मूल आनंदाने नाचल्याचं आठवत नाही. शाळा सोडल्यावर कुत्र्यांकडे वळलो, ते उगीच नाही.

रात्री.
गिलियन म्हणते, चौथा संकल्प पहिला लिही. बायकोला विनोदबुद्धी असणं चांगलं, पण रोज कशाला?

५ फेब्रुवारी
आज वेस्टाने न सांगता गिरकी घेतली.

अपघात असेल. पण नोंद हवी. माझं सगळं नाव त्या गिरकीवर आहे. इतर लोक कुत्र्यांना नाचवताना चौकातल्या पोलिसासारखे हात फिरवतात. जजना ते आवडत नाही, खूण दिसली की गुण गेले. माझी खूण दिसत नाही. हात मांडीशी सैल सोडलेला, तर्जनी किंचित हलते आणि वेस्टा जागच्या जागी गिरकी घेते. प्रेक्षकांना वाटतं, सुरावट ऐकून घेतली. कुत्र्याला सुरावट-बिरावट काही कळत नसते. कुत्रं माणसाकडे बघतं, माणूस संगीताकडे, आणि बघणाऱ्याला दोघंही तालात दिसतात. हे आमच्या विद्येतलं गुह्य आहे. मी ते दर मंगळवारी सगळ्यांना सांगतो.

तर, न सांगता गिरकी. वर शेपूट हलवत चीजचा तुकडा मागायला हजर. न सांगितलेलं काम करून शाबासकी मागणारे विद्यार्थी मी शाळेत पुष्कळ पाहिले. तुकडा दिला नाही. दुर्लक्ष केलं की खोड जाते.

१२ मार्च
खोड गेली नाही.

बारकाईने निरीक्षण केलं. डाव्या बाजूला चालते तेव्हा अगदी शहाणी. उजव्या बाजूला आली, की अंगात वारं शिरतं. वेगवान भागात ठीक, संथ भागात हमखास. निष्कर्ष : दोष हॉलच्या जमिनीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणारे म्हणोत. अंगण खरंच वाकडं असलं तर नाचणाऱ्याने काय करावं, याबद्दल म्हण गप्प आहे. मी जमिनीवर गोटी ठेवून पाहिली. गोटी बॅडमिंटनच्या रेघा ओलांडत थेट रेडिएटरखाली गेली. सिद्ध झालं.

कमिटीचे सेक्रेटरी होल्डस्टॉक म्हणाले, ऑब्रीसाहेब, महायुद्धापासून हा हॉल असाच आहे, आणि इथे नाचून निम्म्या गावाची लग्नं जमली. मी म्हटलं, म्हणूनच निम्म्या गावाचे संसार एका अंगाला कललेले आहेत. कपांबद्दलही बोललो. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही.

गिलियनला गोटीचा प्रयोग सांगितला. ती म्हणाली, आणि आपल्या दिवाणखान्याची जमीन रे? तिथेही घेतेच की ती गिरक्या. मी विषय वाढवला नाही. तिने चहा आणून दिला. हल्ली चहाचा मग अर्धाच भरते. काटकसर असावी.

१६ एप्रिल
वेस्टाला डॉक्टर मॅडॉककडे नेलं. उजवा कान, उजवा डोळा, पाठीचा कणा, सगळं तपासून घेतलं. सात वर्षांची कोली कुत्री म्हणजे म्हातारी नव्हे, पण शंका नको. मॅडॉक म्हणाले, ठणठणीत आहे. असं कुत्रं महिन्यातून एखादंच येतं. मग म्हणाले, तू कसा आहेस, ऑब्री?

उत्तम, म्हटलं.

ते माझ्या हाताकडे बघत होते. हात वेस्टाच्या पाठीवर टेकलेला होता. मी काढून घेतला. जनावरांच्या डॉक्टरांच्या नजरेची मला नेहमीच भीती वाटते. आपलेही दात बघतील असं वाटतं.

म्हणजे शरीरात दोष नाही. मग स्वभावात आहे. वेस्टा अहंकारी झाली आहे. टाळ्यांची चटक.

७ मे
नवा उपाय : खूण आणखी बारीक करायची. तर्जनी हलवायची नाही, हलवायचा नुसता विचार करायचा.

सायंकाळी.
उपाय लागू पडला नाही. विचार न करताही गिरक्या.

१ जून, शनिवार
गावची जत्रा. डेमो.

सुरुवातच वाईट. वेस्टकोटाची बटणं लागेनात. शिंपी हल्ली काजं फार अरुंद ठेवतात. हा कोट सहा वर्षं वापरतोय, पण काजं कालांतराने आकसत असावीत. शेवटी गिलियनने लावून दिली. लावताना माझ्याकडे बघितलं नाही. कपाळावर ती ठरावीक आठी.

डेमोत पहिला भाग निर्दोष. संथ भागात वेस्टा उजवीकडे आली आणि सुरू. एक, आणखी एक, आणखी एक, अशी फिरत फिरत मुरंब्याच्या टेबलापर्यंत गेली. दोन बरण्या फुटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच बसवलंय. धर्मगुरू येऊन म्हणाले, ऑब्री, मुरंब्याचा शेवट अप्रतिम होता. मी मान तुकवली. आतून जळत होतो.

रोझलिंड ट्रँटर आली होती. पलीकडच्या गावात तीही कुत्र्यांचा नाच शिकवते. दोनदा अंतिम फेरीत गेली आहे आणि ते विसरू देत नाही. म्हणाली, अरे, तुझी वेस्टा दमलीय बिचारी. सप्टेंबरात माझ्या टॅन्सीला पिल्लं होतील, एक तुझ्यासाठी ठेवू का? मी म्हटलं, विचार करतो. वेस्टा शेजारी बसून माझ्या हाताकडे टक लावून बघत होती.

चहाच्या तंबूत गेलो नाही. तहान नव्हती. वडील उतारवयात चहा बशीत सांडायचे. आई बशी पुसायची, कोणी काही बोलायचं नाही. तो अर्थात वेगळा विषय.

११ जुलै
वृद्धाश्रमात डेमो. असल्या ठिकाणी प्रेक्षक उत्तम असतात, उठून जात नाहीत.

वेस्टाने आज ताळतंत्र सोडलं. मधल्या संथ भागात मला सोडून सरळ पहिल्या रांगेतल्या एका आजोबांपुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्यासमोर गिरक्या घेऊ लागली. थांबेचना. हाक मारली, आली, पुन्हा गेली. आजोबा गहिवरले. म्हणाले, अगं माझी सोनुली, माझ्यासाठी नाचतेस होय गं? पेन्ब्री की काय नाव त्यांचं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर सारखा हलत होता, नाणी मोजावीत तसा अंगठा बोटांवरून फिरत होता. वेस्टाची नजर तिथे होती.

हात हलत होता म्हणून

पेन नीट चालत नाही. उद्या नवं आणावं.

परतताना गाडी गिलियनने चालवली. घराच्या फाटकाशी म्हणाली, ऑब्री, तू पाहिलंस ना ते? मी म्हटलं, पाहिलं, शिस्त पार संपली आहे. ती गाडीतच बसून राहिली. मी वेस्टाला घेऊन आत आलो.

१२ जुलै
नवं पेन आणलं. या पेनानेही अक्षर बारीक येतं. बारीक अक्षर हे एकाग्रतेचं लक्षण आहे.

१३ ऑगस्ट
सापडलं! वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस.

सकाळी बागेत सराव करताना उजवा हात सहज वेस्टकोटाच्या खिशात घातला. वेस्टा बदललीच. एकही जादा गिरकी नाही. खांद्याला खांदा लावावा तशी माझ्या पायाला चिकटून चालली. हात बाहेर काढला, गिरकी. आत घातला, शहाणी. याचा एकच अर्थ होतो : तिला भारदस्त शैली आवडते. जुन्या काळचा सद्गृहस्थ खिशात हात घालून बागेत फिरायला निघाला आहे, सोबत कुत्रा. खरी गिरकी हवी तिथे डाव्या हाताने खूण. नवीन नृत्य याच कल्पनेवर बसवणार. हे शैलीचं नवं पर्व आहे.

संध्याकाळी क्लासमध्ये सगळ्यांना उजवा हात खिशात घालायला लावला. डिलिसच्या स्कर्टला खिसा नव्हता. तिने हात एप्रनमध्ये खुपसला. कुत्री गोंधळली, बॅसेट तर खाली बसला तो उठेचना. डिलिस म्हणाली, मास्तर, याला वाटतंय आपण सगळे बसची वाट बघतोय. मग सगळे गेल्यावर ती रेंगाळली, खुर्च्या लावायला. खुर्च्या लावून झाल्यावर म्हणाली, ऑब्री, हात खिशात घातल्याने थांबतो का रे?

ती कुत्री ना, म्हटलं. हो, थांबते.

मी कुत्रीबद्दल विचारलं नाही, म्हणाली आणि कोट घालून निघून गेली. शिकणाऱ्यांशी फार सलगी बरी नव्हे.

३ सप्टेंबर
टॅन्सीला पाच पिल्लं झाली. रोझलिंडचा फोन. एक राखून ठेवायला सांगितलं. ठरलं असं : ऑक्टोबरमध्ये वेस्टा जिंकली तर मार्चपर्यंत नाचेल. चुकली तर निवृत्त. शेकोटीपुढे गादी, दोन वेळा फिरणं, आणखी काय हवं कुत्र्याला?

गिलियनला सांगितलं. ती म्हणाली, तिचा नाच काढून घेणार तू? संगीत लागलं की ती दारात येऊन उभी राहते, पाहिलंयस ना? उद्या तू पिल्लाला घेऊन हॉलवर जाशील आणि ही खिडकीतून बघेल. मी म्हटलं, कलेत भावनेला जागा नसते. ती म्हणाली, मला एकदा डॉक्टरांकडे चल म्हटलं तर येशील? मी म्हटलं, कशाला, मॅडॉकने तिला तपासलंय की.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बाहेर गेली. बराच वेळ बागेत उभी होती.

२४ सप्टेंबर
वाईट दिवस. खिशाशिवाय एकदा सराव करावा म्हटलं, खातरजमा म्हणून. सात-आठ गिरक्या. ओरडलो. तिच्यावर मी आजवर कधी ओरडलो नव्हतो. चौथा संकल्प मोडला. वेस्टा पोट जमिनीला टेकवून बसली, कान मागे. पण नजर हातावरच. मग तशीच बसल्या बसल्या, सरपटत, अर्धी गिरकी घेतली. भीत भीत.

हात खिशात घातला. ती उठली, येऊन पायाला टेकली.

आता खिशाशिवाय सराव नाही. स्पर्धेतही खिसा आहेच. चिंता करण्याचं काही कारण नाही.

१२ ऑक्टोबर
उद्या. वेस्टाला आंघोळ घातली. वेस्टकोटाला इस्त्री झाली. बटणं गिलियनने आजच लावून ठेवली, मी तो डोक्यावरून घालणार. सगळं नियंत्रणात आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार, पहाटे
झोप नाही. उत्साह असावा.

रात्री.
लिहून काढतो. जसं घडलं तसं.

आमचा क्रमांक जेवणाच्या सुट्टीनंतर होता. रिंगच्या दाराशी एक बाई उभी होती, गळ्यात शिट्टी, हातात यादी. माझ्याकडे पाहून म्हणाली, साहेब, हात खिशातून बाहेर ठेवायचा हं. मी म्हटलं, तो माझ्या नृत्याचा भाग आहे. ती म्हणाली, असेल, पण खिशात खाऊ असला तर? रिंगमध्ये खाऊ चालत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी खिसा उलटा करून दाखवला. ती म्हणाली, माझा विश्वास आहे हो, पण जजना तिथून उलटा खिसा कुठला दिसायला? हात आत दिसला की तक्रारी येतात. नियम म्हणजे नियम.

नियम बरोबर आहे. मी स्वतः तो शिकवतो. स्पर्धेत खिशात हात नको, हे दर वर्षी पहिल्याच मंगळवारी सांगतो. यंदा नेमका कसा विसरलो, कळत नाही.

हात बाहेर काढला. संगीत सुरू झालं.

वेगवान भाग उत्तम गेला. डावीकडे, पायांमधून, मागे-मागे चालत. तिने आजच्यासारखं काम कधी केलं नसेल. मग संथ भाग आला. ती उजवीकडे आली. मी हात मांडीशी घट्ट दाबून धरला. जेवढा दाबला तेवढा जास्त. ती फिरू लागली. मी चालत राहिलो, ती फिरत राहिली. फिरत, पुन्हा पायाशी येत, वर बघत, फिरत. लोक आधी टाळ्या वाजवत होते. मग वाजवेनासे झाले. शेवटी तिचा तोल गेला, एका अंगावर पडली, उठली, आणि उठल्या उठल्या पुन्हा माझ्या हाताकडे पाहून फिरली.

मी संगीत संपण्याआधीच थांबलो. तिला उचललं आणि बाहेर आलो.

रोझलिंड दाराशी होती. टोमणा मारेल असं वाटलं होतं. नुसतं म्हणाली, पाणी दे तिला, ऑब्री.

शेवटून पहिले. उद्या जजकडे हरकत नोंदवणार. हात आयत्या वेळी खिशातून काढायला लावला, हा अन्याय आहे. कुत्रीने खुणेशिवाय गिरक्या घेतल्या, दोष नाचवणाऱ्याचा नाही, हे गिलियनने घेतलेल्या व्हिडिओवरून सप्रमाण दाखवून देईन.

१४ ऑक्टोबर
सकाळी व्हिडिओ लावला. हरकतीसाठी पुरावा हवा होता, म्हणून संथ गतीने पाहिला. गिरकी आली की थांबायचं, मागे जायचं, हात दाखवायचा, हात स्थिर आहे हे सिद्ध करायचं, असं ठरवलं होतं.

पहिली गिरकी. मागे घेतला. तर्जनी हलते. मग गिरकी.

दुसरी. तर्जनी. गिरकी.

सगळ्या पाहिल्या. एकही अशी नाही, की जिच्याआधी बोट हललं नाही. एकही नाही. हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं. मी वर्षभर तिला सांगत होतो आणि ती वर्षभर ऐकत होती. वृद्धाश्रमात त्या पेन्ब्रींचंही तिने ऐकलं. खोड म्हणून जिचा तुकडा नाकारला, जिच्यावर ओरडलो, जिला शेकोटीपुढे बसवायला निघालो होतो, ती एकदाही चुकली नव्हती.

गिलियन केव्हा येऊन मागे उभी राहिली, कळलं नाही. हातात चहाचा मग होता. अर्धा भरलेला. मी विचारलं, हा अर्धा केव्हापासून भरतेस गं?

मार्चपासून, म्हणाली.

मग मला सांगितलं का नाहीस?

सांगितलं रे. तू तिला मॅडॉककडे घेऊन गेलास.

मग शेजारी बसली. वेस्टा मधे येऊन दोघांच्या पायांवर आडवी झाली.

१६ ऑक्टोबर
रोझलिंडला फोन केला, पिल्लू नको म्हणून कळवलं. तिने विचारलं, वेस्टा सुधारली का? म्हटलं, बिघडलीच नव्हती. ती म्हणाली, मंगळवारचा क्लास काही दिवस मी घेऊ का तुझा? फुकटात घेईन, पण त्या बॅसेटला नाचवणार नाही. हो म्हटलं.

होल्डस्टॉकना भेटून कपांची तक्रार मागे घेतली. ते म्हणाले, बरं झालं साहेब, कमिटी फार घाबरली होती.

उद्या सकाळी डॉक्टर. माणसांचे. गिलियन येणार आहे. काय म्हणतील ते मला अंधुक ठाऊक आहे. वडिलांचंही चहापासूनच सुरू झालं होतं. ते पुढे कुठवर गेलं, हेही मी पाहिलेलं आहे.

वेस्टा उजव्या बाजूला बसली आहे. लिहिताना हात हलत नाही, हे माझ्या आजच लक्षात आलं. पेन खाली ठेवलं, की हात मोकळा पडेल आणि ती उठून गिरकी घेईल. म्हणून लिहितो आहे. लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

मला भीती वाटते.